रिकाम्या कप्प्यातली नावं

मंगळवार, ९ तारीख
स्टेडियम, दुसरा मजला

मासोळी,

आशीर्वाद वगैरे नंतर. आधी सांग, कुठे आहेस?

फोन लावून लावून बोटं झिजली. माझा नंबर तू अडवून ठेवलायस हे मला ठाऊक आहे, म्हणून तुझ्या भाऊजींच्या फोनवरून लावला. मग शेजारणीच्या. मग इथल्या साहेबांच्या. सगळीकडे तीच एक बाई गोड आवाजात सांगते की या क्रमांकाशी संपर्क होऊ शकत नाही. भेटली ना कधी, तर तिचा गळाच धरीन.

पहाटे बंधारा फुटला तेव्हा तू झोपेत होतीस की तलावावर पोरांना पोहायला शिकवायला निघाली होतीस? एवढंच मला कुणीतरी सांगा. इथल्या पायऱ्यांवरून तुझी गल्ली दिसते. गल्ली कसली, पाणीच दिसतं, आणि त्यात तुझ्या खोलीखालच्या सायकल दुकानाची पाटी. पाटीच्या वर तुझी खिडकी. ती उघडी आहे. तू तिथून बाहेर पडलीस म्हणून उघडी, की वाऱ्याने उघडली, यावर मी सकाळपासून डोकं फोडून घेतेय. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, ते काही उगाच नाही.

आम्ही बरे आहोत. आमचं घर चढावर, तिथपर्यंत पाणी आलेलं नाही. भाऊजी घरी आहेत आणि तुझी भाची त्यांना चिकटून बसलीय. आमचं ऑफिस मात्र गेलं. आधीच तळघरात, त्यात वरचा मजला खचून खाली आला. त्या वेळी आत चिटपाखरू नव्हतं, पण रेडिओवाले सकाळपासून ‘इमारत कोसळली, आत अडकलेल्यांचा शोध सुरू’ असं ठोकून देतायत. ऐकलं असशील तर घाबरू नकोस. तू घाबरशील असं मी अजून धरून चाललेय, बघ.

ऑफिस नाही, काम नाही, म्हणून मला आणि आमच्या दाढीला मदत कक्षाच्या साहेबांनी उचलून इथे आणलं. (दाढी म्हणजे माझ्या शेजारी बसून दिवसभर पेन्सिल चावणारा. मी त्याच्या तक्रारी तुला पूर्वी सांगायचे.) साहेब म्हणाले, “माणसं मिळेल तिथे उतरवतायत. कोण कुठे आहे याचा कुणालाच पत्ता नाही. दुपारपर्यंत काहीतरी उभं करा.” दुपारपर्यंत! जसं काही मी पिशवीतून काढून देणार.

पण केलं. तुला या विषयाचा कंटाळा, तरी ऐक, कारण तू यातच सापडणार आहेस. आमच्या प्रोग्रामिंगमध्ये डिक्शनरी म्हणून एक चीज असते. शब्दकोश नव्हे गं. कपाट समज. कप्प्यावर नाव लिहायचं, आत वस्तू ठेवायची. पुढच्या वेळी नाव सांगितलं की वस्तू हातात. आणि गंमत म्हणजे कप्प्यात आणखी एक कपाट ठेवता येतं, त्याच्या कप्प्यात आणखी एक. तर मोठ्या कपाटात शिबिरांचे कप्पे, शिबिराच्या कप्प्यात माणसांचे, आणि माणसाच्या कप्प्यात वय, जागा, तब्येत.

घोडं कुठे अडलं सांगू? शिबिरं आधीपासून ठरलेली असती तर कप्पे आधीच पाडले असते. इथे सकाळी होती शाळा आणि नाट्यगृह, दुपारी बसडेपो उघडला, आता म्हणे धान्याच्या गोदामात माणसं नेतायत. दर वेळी कप्पा सापडला नाही की प्रोग्राम रुसून बंद पडायचा. मग मी असं लिहिलं, की कुठल्याही नावाचा कप्पा मागितला आणि तो नसला तर कुरकुर न करता तिथल्या तिथे नवा बनवायचा. एक ओळ. दाढी म्हणाला, “वा मॅडम!” आणि मी जरा फुशारले. जीव टांगणीला लागलेला असतानाही माणूस फुशारतो, कमाल आहे.

प्रत्येक शिबिरात एक टेबल, एक लॅपटॉप. नेट बंद, म्हणून एक फटफटीवाला सकाळ-संध्याकाळ सगळ्यांच्या नोंदी पेन ड्राइव्हवर घेऊन येतो आणि मी त्या इथल्या मोठ्या कपाटात भरते. नाट्यगृहाचं टेबल मांडायला मी स्वतः गेले होते. चालतंय का ते बघायला पहिलं नाव कुणाचं टाकलं असेल? तुझंच. पडद्यावर आलं, ‘माहिती नाही’.

या पत्राच्या प्रती फटफटीवाल्याबरोबर चारही टेबलांवर पाठवतेय. वर तुझं नाव मोठ्या अक्षरांत लिहिलंय. वाचलंस की कुणाच्याही हाती निरोप धाड. भांडण राहिलेलं आहे, ते नंतर करू, मी विसरलेली नाही.

ताई


बुधवार, १० तारीख
स्टेडियम

मासोळी,

चारही टेबलांवर पत्रं पडून आहेत. कुणी मागायला आलं नाही म्हणे. फटफटीवाल्याला मी चार वेळा विचारलं तर तो म्हणाला, “मावशी, आलं असतं तर सांगितलं नसतं का?” मावशी! माझ्याएवढाच आहे तो.

खरं सांगू, मला तुझ्या बुडण्याची भीती कमी वाटते. तू पट्टीची पोहणारी. भीती वाटते ती तू गप्प बसणार नाहीस याची. ज्याला पोहता येत नाही तो गच्चीवर चढून हाका मारतो. ज्याला येतं तो दुसऱ्याला काढायला उडी मारतो. आणि पाण्यात नुसतं पाणी नाहीये आता. पत्रे आहेत, तारा आहेत, कुणाचं तरी फाटक वाहत येतं. त्यात तुझी पाठ.

हो, पाठीचं बोलणारच मी. तुझ्या तलावाच्या मॅनेजरला मी फोन केला, तुझी पाठ दुखते असं सांगितलं, आणि त्याने तुला पाण्यातून काढून तिकीट खिडकीत बसवलं, हे सगळं खरं. पण दुखत होती की नाही? होती. वाकून चप्पल घालताना तोंड कसं व्हायचं ते मी बघितलंय. मग मी खोटं काय बोलले? तू मात्र दारात उभी राहून म्हणालीस, “तू माझी आई नाहीस.” बरं, नाही. पण मग मी काय करायचं होतं, बघत बसायचं? मॅनेजरने नंतर तुला परत पाण्यात घेतलं, तरी तू वर्षभर तोंड दाखवलं नाहीस. आणि राहायला गेलीस ती नेमकी नदीकाठी, मी नको म्हटलं म्हणून. तू माझ्यावरचा राग भाड्याच्या खोलीवर काढलास, हे मी आजही म्हणते.

जाऊ दे. कामाचं सांगते, हात चालू राहिले की डोकं जरा गप्प बसतं.

सकाळी काय घोळ झाला! शाळेतल्या एका आजींची नवी नोंद आली, तब्येत: रक्तदाब. मी ती त्यांच्या कप्प्यात घातली आणि आजींचं वय आणि जागा गायब. कप्प्यात एक गोष्ट वाढवायच्या ऐवजी प्रोग्रामने जुना कप्पाच उचलून फेकला आणि नवा बसवला. आजी शाळेत आहेत हे कळतंय, पण कुठल्या वर्गात ते नाही. तिकडे नर्स हातात गोळी घेऊन वर्गावर्गात हाका मारतेय. मग मी बसून नीट लिहिलं, की वरच्या वर काही बदलायचं नाही. कप्प्यात उतरायचं, त्याच्या आतल्या कप्प्यात उतरायचं, आधीचं असेल ते राहू द्यायचं आणि नवं तेवढं भरायचं. तुझे भाऊजी जवळ असते तर म्हणाले असते, हेच तू माणसांच्या बाबतीत का नाही करत.

दुसरी एक कटकट आहे, ती अजून सुटलेली नाही. आमचा प्रोग्राम नाट्यगृहात जेवढी माणसं दाखवतो तेवढी प्रत्यक्षात नाहीत. साहेबांनी आमच्या आकड्यावर ब्लँकेटं पाठवली तर गठ्ठाच्या गठ्ठा उरला आणि बसडेपोत लोक कुडकुडत बसले. साहेब माझ्यावर खेकसले. दाढी म्हणतो, माणसं बाहेर पडून नातेवाइकांकडे जात असतील, न सांगता. असेलही. मला नाही पटत. एवढ्या पाण्यात कोण कुठे जाणार?

उद्या प्रत्येक शिबिरातली नावं छापून भिंतीवर लावायची आहेत, म्हणजे टेबलापाशी गर्दी कमी होईल. सकाळी यादी निघेल.

काही खाल्लंस का? कुणी दिलं का?

ताई


गुरुवार, ११ तारीख, सकाळी
स्टेडियमच्या फाटकात

सापडलीस! अगं सापडलीस!

नाट्यगृहाची यादी छापली, आणि पहिल्याच पानावर तू. नाव, आडनाव, सगळं बरोबर. मी खुर्चीतून अशी उठले की दाढीचा चहा त्याच्या मांडीवर. वय लिहिलेलं नाही, जागा लिहिलेली नाही, पण घाईत राहिलं असेल. नाहीतर तूच सांगितलं नसशील, तुझ्या नाकावर राग असतोच.

ट्रकची वाट बघतेय. ब्लँकेटं परत आणायला तिकडेच चाललाय. ड्रायव्हर म्हणतो, पुढे बसा. हे पत्र तुला हातात देणार आहे. खरं तर आता पत्राची गरजच नाही, पण हाताला काहीतरी हवं, नाहीतर मी नखं खाईन.

तुझ्यासाठी माझे कोरडे कपडे घेतलेत. तुला ढगळ होतील. बोलायचं नाही त्यावरून.

आला ट्रक.


गुरुवार, ११ तारीख, संध्याकाळी
स्टेडियम

मासोळी,

तू नव्हतीस.

मी आधी रांगा बघितल्या. मग बाल्कनी. मग रंगमंचाच्या मागे कपडे बदलायच्या खोल्या आहेत तिथे. बायकांच्या मुताऱ्यांची दारं वाजवली. तुझं नाव घेऊन ओरडले, लोक बघायला लागले, तरी ओरडले. एका बाईने पाणी आणून दिलं आणि म्हणाली, बसा हो, बसा जरा. मी पाणी घटाघटा प्यायले आणि टेबलाकडे गेले.

टेबलावर एक शिक्षिका बसते. सगळ्यांना ‘हळू, एकेक जण’ म्हणत रागे भरते, पण नावं चुकवत नाही. तिला म्हटलं, ही बाई कधी आली होती, कुणी नोंद केली? तिने नाव वाचलं आणि माझ्याकडे बघितलं. “मॅडम, हे नाव तर तुम्हीच टाकलं होतंत. परवा, मशीन लावताना. आहे का म्हणून विचारलंत, आणि नाही म्हणाल्यावर गेलात.”

मी तिचा लॅपटॉप ओढून घेतला आणि एक खोटंच नाव विचारलं: टेबल, आडनाव खुर्ची. पडद्यावर आलं, ‘माहिती नाही’. मग नाट्यगृहाची यादी काढली. शेवटच्या ओळीत टेबल खुर्ची. वय रिकामं, जागा रिकामी.

कळलं तुला? कुठलाही कप्पा मागितला आणि नसला तर नवा बनवायचा, हे मीच शिकवलं होतं त्याला. मी म्हणत होते ते नोंद करताना. पण बिचाऱ्या प्रोग्रामला नोंद करणं आणि विचारणं यातला फरक काय ठाऊक? कुणी येऊन म्हणालं, माझा मुलगा आहे का इथे, की तो मुलाच्या नावाचा कप्पा उघडायला जाणार, नाही सापडला की नवा बनवणार, आत बघणार, रिकामा, म्हणून सांगणार ‘माहिती नाही’. पण कप्पा तिथेच राहणार. ज्यांना ज्यांना कुणी शोधलं, ते सगळे आमच्या हिशेबाने शिबिरात येऊन बसलेत. ती उरलेली ब्लँकेटं त्यांची होती.

तू यादीत आलीस कारण मी तुला विचारलं. बाकी काही नाही. करायला गेले एक आणि झालं भलतंच.

आणि हे मी एकटीपुरतं केलेलं नाही. यादी सकाळपासून भिंतीवर होती. लोकांनी आपापल्या माणसांची नावं वाचली आणि तिथे जाऊन बसले. तिसऱ्या रांगेत एक काका होते, मांडीवर छत्री आडवी धरून. शेजारच्या खुर्चीवर पिशवी ठेवलेली, कुणी बसू नये म्हणून. बायकोचं नाव यादीत आहे, म्हणजे ती इथेच कुठेतरी आहे, बाहेर गेली असेल, येईल, असं शिक्षिकेला दहादा सांगून झालं होतं त्यांचं. त्यांना कोण सांगणार? दाढी तर इकडे. मीच गेले.

मी सांगितलं. शक्य तेवढं सोपं करून. आमच्या प्रोग्रामची चूक आहे, तुम्ही विचारलंत म्हणून त्यांचं नाव आलं, त्या इथे आलेल्याच नाहीत. काकांनी मांडीवरची छत्री उचलून हातात घट्ट धरली. मला वाटलं आता हात उगारतील, आणि उगारला असता तर मी खाल्ला असता. ते म्हणाले, “मग आता पुसणार का नाव?” मी म्हटलं, पुसावंच लागेल. “नका पुसू,” ते म्हणाले. “मी शोधतोय एवढं तरी राहू दे कुठेतरी लिहिलेलं.”

परत येताना ट्रकमध्ये रडले. ड्रायव्हरने रेडिओ मोठा केला, भला माणूस.

चूक दुरुस्त केलीय. एका शब्दाचं काम होतं. असेल तर दे, नसेल तर नाही म्हण, नवं काही बनवू नकोस, इतकंच. उद्या सकाळी फटफटीवाला जुन्या नोंदी घेऊन येईल, त्यानंतर नवा प्रोग्राम टेबलांवर जाईल.

तुझं नाव मी अजून पुसलेलं नाही. आता तुला कुठे शोधू ते सांग. सरकारी दवाखान्याची यादी बघितली. दुसरी एक यादी असते, तीही दाढीला बघायला लावली. माझी छाती झाली नाही. त्याने पेन्सिल तोंडातून काढून नुसती मान हलवली, नाही म्हणून. त्या एका मान हलवण्यावर मी आजची संध्याकाळ काढतेय.

ताई


शुक्रवार, १२ तारीख
स्टेडियम

मासोळी,

घाईत लिहितेय, अक्षर लावून घे.

सकाळी साहेब आले आणि म्हणाले, “ते रिकामे कप्पे उडवा. सगळे. एका फटक्यात.” करणं अगदी सोपं होतं. आत काहीच नाही तो कप्पा काढून टाक, एवढी आज्ञा द्यायची की क्षणात सगळं चकाचक, आणि ब्लँकेटांचा आकडाही बरोबर. मी आज्ञा लिहिलीसुद्धा. पण बटण दाबवेना. ते छत्रीवाले काका डोळ्यांसमोरून हलेनात. म्हटलं, पुसायचंच आहे तर निदान एकदा वाचून पुसू. साहेब म्हणाले, वेळ नाही मॅडम. मी म्हटलं, मग तुम्ही पुसा. ते फोन कानाला लावून बाहेर गेले.

सकाळीच आलेल्या गोदामाच्या नोंदींपासून सुरुवात केली. या कपाटांचं एक बरं असतं, कप्पे ज्या क्रमाने बनले त्याच क्रमाने उभे राहतात. आधीचा आधी, नंतरचा नंतर. वाचत वाचत खाली आले. एका ठिकाणी लिहिलं होतं, ‘बाळ, मुलगी, जन्म आज पहाटे, आईजवळ’. गोदामात बाळ झालंय आज! मी दाढीला हाक मारून दाखवलं, तोही हसला. त्या बाळाच्या खाली एक रिकामा कप्पा होता.

त्यावर माझं नाव.

मला आधी वाटलं, माझीच काहीतरी चाचणी असेल. पण मी गोदामात पाऊल टाकलेलं नाही. मग आडनाव नीट वाचलं. आपल्या घरचं होतं, बाबांचं. इथे मला त्या आडनावाने ओळखणारं कुणी नाही. साहेब, दाढी, शेजारीपाजारी, सगळ्यांना सासरचं ठाऊक. भाऊजींनी शोधायचं म्हटलं असतं तर त्यांनी त्यांचंच लावलं असतं, शिवाय मी कुठे आहे ते त्यांना माहीतच आहे. माझ्या लग्नाला एवढी वर्षं झाली, तरी लग्न झालं म्हणून माणूस बदलतो का, असं म्हणून मला अजून त्याच आडनावाने हाक मारणारी जगात एकच बया आहे.

रिकामा कप्पा म्हणजे मी तिथे नाही. रिकामा कप्पा म्हणजे कुणीतरी विचारलं. आणि बाळाच्या खाली आहे, म्हणजे आज पहाटेनंतर विचारलं.

मी माझंच नाव मोठमोठ्याने वाचत सुटले. दाढी घाबरला, पाणी आणायला धावला. मी बसडेपोच्या नोंदी उघडल्या. तिथेही मी, कालच्या माणसांमध्ये. शाळा उघडली. तिथेही मी, परवाच्या. तू एकेक शिबिर करत माझ्या मागावर आहेस गं! मी तुला शोधतेय आणि तू मला. त्या मेल्या रेडिओने ऑफिस कोसळल्याचं सांगितलं, आणि तू धरून बसलीस की ताई त्याच्याखाली.

फटफटीवाला नवे पेन ड्राइव्ह न्यायला दारातच उभा होता. मी त्याला विचारलं, गोदामात आज सकाळी माझं नाव कोण विचारत होतं? त्याने डोकं खाजवलं. “नाव नाही माहीत. पण बोटीवरची एक बाई आहे, आखूड केसांची, कायम ओली. माणसं उतरवते आणि बोट वळेपर्यंत टेबलापाशी येऊन कुणाला तरी विचारते. टेबलावरच्यांनी म्हटलं, तुमचं नाव सांगा, नोंद करू. तर म्हणाली, माझी कशाला, मी राहायला आलेली नाही.”

राहायला आलेली नाही! म्हणून तू कुठल्याच शिबिरात नाहीस. आणि माझी सगळी पत्रं त्याच टेबलांवर, तुझ्या हाताशी, तुझ्या नावाने पडलेली. तू नाव सांगितलं असतंस तर पहिल्याच दिवशी मिळाली असती. पण तू माझं नाव विचारत राहिलीस आणि मी तुझं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. आता हसू की तुला बदडून काढू?

जिवंत आहेस. आधी तेवढं लिहून घेते. आज सकाळपर्यंत जिवंत आहेस, आणि अजून त्या पाण्यातच आहेस, म्हणून अजून हुश्श करत नाही. कुठल्या बोटीवर आहेस ते कुणाला ठाऊक नाही. बोटी कुठून सुटतात, कुठे लागतात, त्याचा ठिकाणा नाही. आज वरून आणखी पाणी सोडणार आहेत, असं साहेब फोनवर बोलताना ऐकलं. मी काठाकाठाने धावत सुटले तर आपली पुन्हा चुकामूक. मी इथून हलणार नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी एका जागी बसून राहणार आहे.

पण हात बांधून नाही. रिकामे कप्पे मी पुसले नाहीत. त्या प्रत्येकाच्या आत आणखी एक कप्पा केला: ‘कुणी विचारलं’. ज्यांनी विचारलं ते अजून त्या त्या शिबिरात असतील, टेबलावरच्यांनी त्यांना गाठून तो भरायचा. काकांच्या बायकोच्या नावाखाली मी स्वतः भरला: नवरा, नाट्यगृह, तिसरी रांग, वाट बघतायत. ब्लँकेट मोजताना हे कप्पे सोडून मोजायचे, तेही लिहिलं. साहेबांनी वाचलं, कपाळाला हात लावला आणि म्हणाले, “करा काय करायचं ते.”

मग माझा स्वतःचा कप्पा. तू विचारलेल्या तिन्ही ठिकाणी तो होताच. नाट्यगृहात नव्हता, तिथे तू अजून पोचलेली नाहीस. तिथे मी मुद्दाम नवा केला. चारही ठिकाणी भरला. वय खरं घातलं, तुझ्यासाठी. जागा: स्टेडियम, दुसरा मजला, जिन्यासमोरची खोली. तब्येत: धडधाकट, ऑफिस पडलं तेव्हा घरी होती. निरोप: बोटीवरच्या त्या बाईला इथे घेऊन या, नाही म्हणाली तरी. साहेब म्हणाले, “मॅडम, तुम्ही चार शिबिरांत एकदम राहता असं दिसेल.” मी म्हटलं, दिसू दे.

फटफटीवाला पेन ड्राइव्ह खिशात घालून जिना उतरला. त्याच्या फटफटीचा आवाज कोपऱ्यापर्यंत ऐकू येत होता. हे पत्र मी त्याच्याकडे दिलेलं नाही, माझ्याजवळच ठेवतेय. तू काही पत्र मागणार नाहीस. बोट लागली की टेबलापाशी येशील, ओल्या हातांनी कडेला धरून उभी राहशील आणि माझंच नाव विचारशील.

विचार. आता आत मी आहे.

ताई